उस्मानाबाद जिल्ह्यातली आमटी

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी गावात फटाके उडाले, पेढे वाटले गेले, आणि मन्मथअप्पांच्या खानावळीत उस्मानाबाद जिल्ह्यात शिजलेली आमटी लातूर जिल्ह्यातल्या लोकांनी भुरकली. याला थाप म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं. पुढं मी नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हाही तीच आमटी चालू होती. तीच म्हणजे अगदी तीच. दह्याला विरजण लावावं तसं अप्पा आमटीला आमटीचं विरजण लावायचे. रात्रीची जेवणं उरकली की देगचीच्या तळाशी पळीभर आमटी राखायची, सकाळी तिच्यावरच नवं वरण, नवा येसर मसाला, नवी फोडणी. रात्री पुन्हा पळीभर मागं. भल्याभल्या देशमुखांना आपल्या खापरपणजोबाचं नाव सांगता येत नाही, पण या आमटीची वंशावळ अप्पांना तोंडपाठ होती. देगचीकडं बोट करून ते सांगायचे, "खानावळ काढली त्या दिवशीची हाय ही. मदी खंड न्हाई."

खानावळ गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात होती. पूर्वी तिथं डाळ मिलचे हमाल आणि ट्रकवाले जेवायचे. जिल्हा झाला आणि आमच्यासारखे बदलीवर आलेले सडेफटिंग कारकून आले. बाहेरच्या पाटीवर ‘जि. उस्मानाबाद’ असं होतं, त्यावर पेंटरनं ‘जि. लातूर’ असं इतक्या घाईनं ओढलं होतं की ऊन तिरपं पडलं की दोन्ही जिल्हे एकदम वाचता यायचे. अप्पांचं त्यावर म्हणणं असं की, पाटी बदलली, पातेलं न्हाई.

अप्पा दिसायला कसे? उंचीनं बेताचे, पोट नगाऱ्यासारखं, कपाळावर लिंगायती भस्माचे पट्टे, आणि कमरेला तपकिरीची डबी. दर घटकेला एक चिमूट या नाकपुडीत, एक त्या. हे नाक म्हणजे खानावळीचं हायकोर्ट. कुठलीही वस्तू चांगली की वाईट याचा निकाल अप्पा तिला नाकाशी धरून द्यायचे. आता ज्या नाकात सकाळपासून अर्धी डबी तपकीर बसली आहे, त्याला अत्तराचा दिवा आणि रॉकेलची चिमणी यांतला फरक कळणं कठीण. पण त्या हायकोर्टावर अपील नव्हतं. अप्पा डोळे मिटून हुंगायचे, मान हलवायचे आणि एकच निकाल द्यायचे, "मुरलंय."

‘शिळं’ हा शब्द खानावळीत बंद होता. कालच्याला ते ‘निवलेलं’ म्हणायचे, परवाच्याला ‘बसलेलं’, आणि त्याच्या पलीकडचं सगळं ‘मुरलेलं’. दूध नासलं तर ते नासलं नाही म्हणायचं, ते कलाकंदाच्या वाटेला लागलं. त्यांचं तत्त्वज्ञान सरळ होतं. लोणचं मुरतं, तशी जगातली प्रत्येक वस्तू मुरते. माणसालाच दम धरवत नाही.

एकदा त्यांनी होळीची पुरणपोळी गुढीपाडव्याला डब्यातून बाहेर काढली. तिला लव फुटली होती, मांजराच्या पिलाच्या अंगावर असते तशी. मी म्हणालो, अप्पा, ही आता पाळायची की खायची? अप्पांनी धोतराच्या सोग्यानं ती लव हलक्या हातानं पुसली आणि माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "केस पिकले म्हणून आजोबाला उकिरड्यावर टाकता का हो तुमी?" असं विचारून ती अख्खी पोळी तुपाशिवाय खाल्ली. दुसऱ्या दिवशी अप्पा ठणठणीत. खानावळीतली मांजर मात्र त्याच दिवशी शेजारच्या पिठाच्या गिरणीत राहायला गेली, ती परत आली नाही.

आता हे सगळं अप्पांच्या स्वतःच्या पोटापुरतं. आम्हाला त्या खानावळीत कधी ढेकरसुद्धा आंबट आली नाही. याचं श्रेय आम्ही आमटीच्या पुण्याईला द्यायचो. खानावळीत आणखी एक व्यक्ती होती हे आमच्या ध्यानातच यायचं नाही, कारण ती बोलायची नाही. ती म्हणजे अप्पांची बायको, गौराक्का. उदगीरकडची, काटक, शेंगेसारखी. घरात तिचं कानडी चाले, आणि त्यातला एकच शब्द आम्हाला पाठ झाला होता: साकु. म्हणजे पुरे. भाकरी वाढताना कुणी उगाच ताणलं की साकु, कारकुनांची भांडणं लागली की साकु, अप्पांचं तत्त्वज्ञान फार वर गेलं की साकु. तो शब्द पडला की अप्पा वाक्य अर्धं सोडून तपकीर ओढायचे.

अक्काची एक विचित्र सवय होती. रात्री जेवणं झाली की सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढायची आणि आतून कडी घालायची. अप्पांनाही आत यायची परवानगी नाही. विचारलं तर म्हणायची, आमटीला नजर लागते. सकाळी अप्पा आत जायचे तेव्हा देगची लख्ख (तीही अप्पांना आमटीचीच पुण्याई वाटायची) आणि तिच्यात झाकणाखाली पळीभर आमटी. अप्पा झाकण उचलून तिला नमस्कार करायचे.

एका साली पाऊस रुसला तो रुसलाच. नळ आठवड्यातून कधीतरी खोकायचे. टँकर आला की बोळात घागरींची अशी लढाई व्हायची की नवा जिल्हा सोडून पुन्हा जुन्यात जावं असं वाटे. गावातली झाडं वाळून काड्या झाली. पण खानावळीच्या परसातला कडुलिंब हिरवागार. लोक बघायला यायचे. अप्पा त्याखाली बाज टाकून बसायचे आणि सांगायचे, ही अन्नदानाची पुण्याई हाय. मी त्या लिंबाचं पान चावून बघितलं आहे. त्याला जिऱ्याचा वास येत होता. तेव्हा मला वाटलं, माझंच नाक बिघडलं.

याच सुमाराला वाघमारे साहेब आले. अन्न निरीक्षक. नांदेड जिल्ह्यातलं इस्लापूर त्यांचं गाव. आईबाप मजुरीला जायचे, आणि त्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शिकलेला हा पहिला साहेब. माणूस हसरा, पण कामाच्या बाबतीत सुईसारखा. नव्या जिल्ह्यात त्यांना टेबल मिळालं होतं, खुर्ची यायची होती. नमुना तपासायचा तर दूरच्या शहरात पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत दुकानदार नातवंडांचा आजोबा व्हायचा. बायको-मुलं गावाकडं, म्हणून जेवायला आमच्याच पंगतीत. पहिल्याच दिवशी आमटी भुरकून ते खूश झाले. मग कुणीतरी अभिमानानं तिची वंशावळ सांगितली. साहेबांचा घास हातातच राहिला.

त्यानंतर रोज संध्याकाळी लिंबाखाली खटला चाले. साहेब म्हणायचे, अन्न गरम झाकून ठेवलं, ते हळूहळू कोमट झालं, की त्यात जंतू वाढतात. अप्पा म्हणायचे, सकाळी खळाखळा उकळतो की. साहेब म्हणायचे, "जंतू मरतात, अप्पा. त्यांनी करून ठेवलेलं विष काही काही वेळा मरत न्हाई. ते वासाला येत न्हाई, चवीला येत न्हाई. मी हेच सांगून राहिलो." अप्पा यावर पुढं वाकून साहेबांच्या नाकाचं निरीक्षण करायचे आणि त्यांना तपकीर देऊ करायचे.

एकदा मात्र साहेबांनी फारच रेटलं. पळीभर आमटीनं तुमचं असं काय वाचतं, म्हणाले. अप्पांनी डबी मिटली. मग त्यांनी जे सांगितलं ते तपकीर न ओढता सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात अप्पा आणि त्यांची आई खडी फोडायच्या कामावर होते. कामावर सुकडी, सरकारकडून येणारी भाजकी भुकटी, मिळायची. आई त्यातली थोडी पाण्यात शिजवायची आणि कितीही भूक असली तरी तांब्यात पळीभर बाजूला ठेवायची. अप्पा चांगले बाप्या माणूस, तरी रडायचे, भांडायचे. आई म्हणायची, ही उद्याची. ही हाय तवर उद्या हाय. "लई लोकांचा उद्या त्या साली आलाच न्हाई, साहेब," अप्पा म्हणाले. "आमचा आला. आता ती पळी कशी टाकू?"

त्यानंतर साहेबांनी तो विषय काढला नाही, आमटीही घेतली नाही. ठेचा-भाकरीवर दिवस काढू लागले. आम्ही त्यांना चिडवायचो की सरकारी माणसानं जिल्ह्याच्या आमटीवर बहिष्कार टाकणं बरं नाही.

उन्हाळा ऐन भरात आला आणि अक्काला लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला जावं लागलं. जाताना एसटीच्या वेळेपर्यंत ती अप्पांना एकच गोष्ट बजावत होती. मी येईपर्यंत पळी ठेवू नका. रोज देगची राखेनं घासा, रोज सगळं नवं करा. अप्पांना हा अपमान वाटला. अक्का गेल्यावर ते आम्हाला म्हणाले, बाई माणूस, तिला काय ठावं पुण्याई काय असती. राखेनं घासायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मते घासलं की चव धुऊन जाते.

आठवडाभर काही झालं नाही. आमटीला थोडी आंबूस धार आली. आम्हाला वाटलं, चिंच जास्त झाली. अप्पांनी देगचीत नाक घातलं आणि निकाल दिला, "आता खरी मुरली."

आणि मग मुंबईहून दुष्काळ पाहणीचं पथक आलं. कचेरीनं महिनाभर तयारी केली होती. नकाशे, आकडे, फायली, पथकातल्या साहेबांसाठी नवी चादर. आदल्या रात्री सगळे कारकून अप्पांकडं पोटभर जेवले. पहाटे पहिला कारकून तांब्या घेऊन धावला. त्याच्या मागं दुसरा. उजाडेपर्यंत अख्खी कचेरी रांगेत होती, आणि रांगेत शिस्त इतकी की जनगणनेलाही नसेल. माझ्या गावातल्या सगळ्या देवांची नावं मला त्या दिवशी आठवली, काही मी नवीही तयार केली. पथकाला दाखवण्यासाठी कचेरीसमोर एक भरलेला टँकर उभा केला होता, ‘पाणीपुरवठा सुरळीत’ असा फलक लावून. पथकाच्या जीपगाड्या आल्या तेव्हा टँकरात थेंब नव्हता, फलक आडवा पडला होता, आणि नकाशा समजावून सांगणारा कारकून ‘इथे पाण्याची तीव्र टंचाई...’ एवढं बोलून पोटावर हात धरून जो पळाला, तो नकाशासकट. पथकातले एक बुजुर्ग गहिवरून म्हणाले म्हणे, इतका मनापासून दाखवलेला दुष्काळ मी पाहिला नाही.

हे आज हसण्यावारी जातं. पण संध्याकाळपर्यंत आमच्या बुजुर्ग हेडक्लार्कांचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, आणि त्यांना दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर सांगता येत नव्हतं. तेव्हा आमचं हसू बंद झालं.

पंगतीतला एकटाच धडधाकट माणूस होता वाघमारे साहेब. दुसऱ्या दिवशी ते खानावळीत आले, हातात कुलूप. आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो, उठायचं बळ कुणात नव्हतं. साहेब आम्हाला बघून म्हणाले, "आमच्याकडं सहस्रकुंडाचा धबधबा हाय. कालपासून त्याची लई आठवण येऊन राहिली मला." कुणी हसलं नाही, कारण हसायला पोट लागतं.

अप्पा देगचीसमोर उभे होते, एक हात देगचीवर, एक हात स्वतःच्या पोटावर. पहाटेपासून त्यांच्याही फेऱ्या चालू होत्या, पण ते त्याला ‘ऊन बाधलं’ म्हणत होते. साहेब म्हणाले, अप्पा, ही ओतून द्या आणि खानावळ काही दिवस बंद ठेवा. अप्पांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी शिकलेले. मला येवडंच सांगा. ही आमटी जिल्ह्याच्या आधीची हाय. इतक्या सालांत हिनं कुणाचं पोट बिघडवलं? एक माणूस दाखवा. मग ह्याच आठवड्यात हिला काय झालं?"

मुद्दा बिनतोड होता. साहेबांचं सगळं शास्त्र त्या देगचीच्या काठावर येऊन अडकलं. अप्पांना ते दिसलं. त्यांनी वाटी घेतली, तळापासून ढवळून भरली. "आता मी पितो. मला काय झालं तर तुमचं कुलूप. न्हाई झालं तर बाहेर जाऊन सांगा, आमटीचा दोष न्हाई."

साहेब पुढं झाले, वाटी धरायला गेले. अप्पांनी पाठ फिरवली. आधीच रिकामं झालेलं ते शरीर, त्यात ती वाटी गेली तर हेडक्लार्कांच्या शेजारच्या खाटेवरही भागलं नसतं. वाटी ओठांपर्यंत गेली आणि दारातून आवाज आला, "साकु."

अक्का. काखेत बोचकं, चेहऱ्यावर एसटीची धूळ. बाळंतीण सुखरूप होती म्हणून ती लवकर निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा साकु ऐकून थांबले नाहीत. ते म्हणाले, गौरा, आज तू मदी पडू नगं, सवाल इमानाचा हाय.

अक्कानं बोचकं खाली ठेवलं. "तुमची जुनी आमटी कवाच न्हाई," ती म्हणाली. "खानावळ काढली त्या रातीपासनं न्हाई. तुमी झोपला की मी ती लिंबाला घालत आले. देगची राखेनं घासली. पहाटे उठून पळीभर नवी केली न् झाकून ठेवली. तुमी नमस्कार करत होता ती माझी सकाळची आमटी. जुनी हाय ती ही. ही पहिलीच. म्हणून ही मारती."

अप्पांनी खिडकीतून परसात बघितलं. लिंब आपला हिरवागार. इतक्या सालांची वंशावळ त्याच्या पानापानांत सळसळत होती. आता पळीभर आमटीवर झाड जगतं का, हे मला विचारू नका, त्या लिंबाला विचारा.

अप्पांनी वाटी खाली ठेवली. मोठा आवाज नाही, भांडण नाही. ते एवढंच म्हणाले, "मग उद्याची पळी?"

अक्का आत गेली. डब्यातून मूठभर कोरडी तूर डाळ आणून तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "ही ठेवा. ही बी उद्याचीच हाय."

अप्पा हार मानणारे नव्हते. म्हणाले, "हिच्यात किडे पडतात."

"पडू द्या," अक्का म्हणाली. "दिसतात तरी."

वाघमारे साहेबांनी मान खाली घालून कुलूप खिशात टाकलं. हसू दाबत होते की काय, कळलं नाही. देगचीतली आमटी परसात खड्डा करून ओतायची ठरली. अप्पांनी टोपी नीट केली, आम्हाला उभं राहायला लावलं. एक कारकून पुटपुटला की जाळून टाकू. अप्पा गंभीरपणे म्हणाले, "आमच्यात जाळत न्हाईत. पुरतात." आणि माती लोटून वर बेलाचं पान ठेवलं. काही दिवसांनी खानावळ पुन्हा उघडली. हेडक्लार्क बरे होऊन आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आमटी मागितली, याला मी शौर्य म्हणतो. साहेबही ठेचा सोडून आमटीवर आले. कोनाड्यात वाटीभर कोरडी डाळ असायची. रोज सकाळी अप्पा तिला नमस्कार करायचे, ती आमटीत टाकायचे आणि रात्री नवी मूठ ठेवायचे. तपकीर मात्र चालू राहिली.

पुढं माझी बदली नांदेडला झाली आणि मी तिथंच घर केलं. खानावळ बंद झाल्याचं कानावर आलं, मग अक्का गेल्याचं. अप्पा मुलाकडं नांदेडला राहायला आले आहेत असं कळलं तेव्हा एका दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा नोकरीवर, सूनबाई कॉलेजात शिकवायला. नगाऱ्याचं पोट आता डफलीएवढं उरलं होतं. कमरेची डबी दिसली नाही. म्हणाले, डॉक्टरनं सोडायला लावली. सोडल्यापासनं वास यायला लागला, जगात किती घाण हाय ते आता कळतंय.

मग त्यांनी दारापर्यंत जाऊन जिन्यात कुणी नाही हे बघितलं आणि मला खुणेनं स्वयंपाकघरात नेलं. फ्रीज उघडला. आत डब्यांवर डबे, अगदी छतापर्यंत. सूनबाईला वेळ नाही, ती रविवारी आठवड्याचं करून ठेवते. कुठला डबा कुठल्या रविवारचा, याची नोंद फ्रीजलाही नसावी. अप्पांनी मागून एक डबा काढला, झाकण उघडलं, हुंगलं, आणि तोंड वाकडं करून सगळी आमटी बेसिनात ओतली.

ज्या माणसानं लव आलेली पोळी आजोबा म्हणून खाल्ली, त्याच्या हातून आमटी वाहून जात होती. अप्पांनी डबा खसाखसा घासला, पुसला. गॅसवर कुकर होता. त्यातली तासाभरापूर्वी स्वतः केलेली ताजी आमटी डब्यात भरली, ती पार निवलेली आहे ना हे बोट बुडवून बघितलं, आणि डबा होता त्याच जागी, होता तसाच तिरका ठेवून दिला. फ्रीजवर एका वाटीत मूठभर कोरडी डाळ होती.

सूनबाईला सांगत का नाही, मी विचारलं.

"कष्टानं करती पोरगी," अप्पा म्हणाले. "गौरानं मला कुठं सांगितलं व्हतं?"

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. सूनबाई आली, माझी ओळख झाली, जेवल्याशिवाय जायचं नाही असा आग्रह झाला. तिनं तोच डबा काढून गरम केला, चमच्यानं चव घेतली आणि कौतुकानं माझ्याकडं वळली. "बघा ना काका, रविवारची आहे. आत्ता केल्यासारखी लागते."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. भस्माच्या पट्ट्यांवर एक आठी उमटू न देता, डोळे मिटून, त्यांनी वाटी नाकाशी धरली.

"मुरलीय," म्हणाले.